मत सगळ्यांकडे, गेज एकाकडे

बॉनेट उघडलेल्या गाडीजवळून खाली मान घालून निघून जाणारा पुरुष मी अजून पाहिलेला नाही. ज्यांच्या घरी गॅसचा सिलिंडर बदलायला वॉचमनला वर बोलवावं लागतं, असे गृहस्थसुद्धा उघडं इंजिन दिसलं की हातातली पिशवी खाली ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "सेल्फ मारा बघू." गाडी नवी असेल तर हा उत्साह लवकर मावळतो. हल्लीच्या गाडीचं बॉनेट उघडलं की आत काळं प्लॅस्टिकचं आवरण असतं आणि मत देण्यासाठी बोट ठेवायला जागाच सापडत नाही. जुनी डिझेल जीप मात्र आपला सगळा संसार उघड्यावर मांडून उभी असते. फीड पंप दिसतो, फिल्टर दिसतो, मोठा पंप दिसतो, त्यातून नोझलकडे गेलेल्या चार लोखंडी नळ्या दिसतात. चार नळ्या म्हणजे किमान आठ मतं.

वर्सोव्यात ही गर्दी विशेष दर्जाची जमते. यारी रोडच्या कडेला गाडी बंद पडली, तर पाच मिनिटांत आराम नगरातून ऑडिशन देऊन परतणारा एक नट येतो, मेट्रोकडे निघालेला एक लॅपटॉपवाला येतो, बँकेतून निवृत्त झालेले दोघे येतात, वेसाव्याच्या बाजारातून बोंबील घेऊन चाललेल्या एक मावशी येतात आणि एक रिक्षावाला रिक्षा तिरकी लावून उतरतो. रिक्षा सीएनजीवर चालते, पण मत डिझेलवर असतं. मावशी तेवढ्या काही बोलत नाहीत. बोंबील खराब होतात म्हणून त्या निघून जातात, आणि एकूण विचार करता त्यांचाच निर्णय योग्य ठरतो.

ही सगळी माणसं मला तोंडपाठ होण्याचं कारण आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांची महिंद्रा एमएम ५४०. हे मॉडेल रस्त्यावर आलं १९८५च्या सुमारास. काकांकडे ते दुसऱ्या हाताने आलं, पण ते सांगतात अशा थाटात की कारखान्याच्या दारातून स्वतः चालवत आणलं असावं. जीप ही मुंबईचीच लेक, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. महिंद्रांनी परदेशातून सुटे भाग आणून विलीज जीप जोडायला सुरुवात केली ती माझगावात, पुढे जीपा बनू लागल्या आपल्या कांदिवलीत. डिझेल इंजिन इगतपुरीच्या कारखान्यातलं, आणि मूळ वंश फ्रान्सच्या प्यूजोचा. इंजिनाचं नाव एक्सडीपी ४.९०. त्यातले चार म्हणजे चार सिलिंडर आणि नव्वद म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पिस्टनची चाल ८३ मिलिमीटर. घरी आलेल्या पाहुण्याला काका हे आकडे देतात आणि गुणाकार करायला लावतात. उत्तर २११२ सीसी आलं तरच चहा. ताकद ६२ अश्वशक्ती, त्यातले किती घोडे अजून नोकरीत आहेत याची नोंद कोणाकडे नाही.

जीपची बाकी कुंडलीही सांगून टाकतो. डॅशबोर्डवरचा डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर थांबलेला असतो, टाकी भरलेली असो की कोरडी. त्यामुळे डिझेल मोजायला काकांनी वेताची एक काठी ठेवलीय, तिच्यावर सुरीने खुणा केल्यात. टाकीचं झाकणही मूळचं नाही. मूळचं पार्किंगमधून कोणी तरी नेलं. त्यावर काकांनी कुर्ल्याच्या भंगार बाजारात एक दिवस घालवून दुसरं झाकण पैदा केलं आणि ते इतकं घट्ट बसतं की डिझेलचा वाससुद्धा बाहेर येत नाही, हे ते प्रत्येकाला झाकण फिरवून दाखवतात. नोंदणीची पंधरा वर्षं केव्हाच उलटली, आता दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि सोबत पर्यावरण कर. कागद अगदी चोख आहेत. तरीसुद्धा काका आंबिवलीच्या आरटीओसमोरून जायचं टाळतात. "उगाच कशाला लक्ष वेधायचं," म्हणतात. ज्या गाडीच्या आवाजाने चौथ्या मजल्यावरची भांडी वाजतात, तिच्याबद्दल हे वाक्य आहे.

तर या जीपला एक रोग जडला. सकाळी छान सुरू व्हायची. वर्सोव्यातून निघायची, सात बंगल्यापर्यंत हसत-खेळत जायची आणि मग हळूहळू जीव सोडायची. आधी पिकअप जाणार, मग मिसिंग, मग दोन आचके आणि शांतता. थोडा वेळ उभी ठेवली की परत सुरू, काही झालंच नव्हतं अशी. या भागात चढ असा नाहीच. वर्सोव्याचे डोंगर म्हणजे स्पीडब्रेकर, आणि अंधेरीची गिल्बर्ट हिल आहे खरी, पण ती उभ्या खडकाची, तिच्यावर गाडी चढत नाही. तेव्हा इंजिनावर ताण पडून बंद पडते म्हणावं तर ताण कसला, हा प्रश्न होता. डिझेल इंजिन असं पाय ओढत मरू लागलं की पहिला संशय डिझेलच्या पुरवठ्यावर घ्यायचा असतो. इथवर सगळ्यांचं एकमत होतं. पुढे प्रत्येकाचा स्वतंत्र पक्ष निघाला.

रिक्षावाल्याने निदान केलं, "एअर घेतलीय." डिझेलच्या नळीत हवा शिरली की पंप हवेलाच दाबत बसतो आणि नोझलपर्यंत काही पोचत नाही, हे अगदी खरं आहे. त्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हँड प्रायमर मारून मारून बुडबुडे काढले, स्क्रू आवळला. काकांनी मधल्या वेळात सवयीने झाकण उघडून काठी बुडवली, डिझेल पुरेसं असल्याची खात्री केली. सेल्फ मारला, गाडी सुरू. टाळ्या पडल्या. रिक्षावाल्याने पैसे घेतले नाहीत, फक्त जमलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

पुढच्या वेळी बँकवाल्यांपैकी थोरले पुढे आले. त्यांचा सिद्धान्त भेसळीचा. पुरावाही होता: टाकी भरून आणली की गाडी लवकर बंद पडते, डिझेल कमी असताना जास्त वेळ चालते. "म्हणजे नवीन भरलेलं डिझेलच खराब," हे त्यांनी असं मांडलं की समोर लेजर उघडलेलं असावं. फिल्टर बदलला. काकांनी काठी बुडवली. गाडी सुरू झाली. बिल्डिंगच्या सभेत इतिवृत्तात न आलेला अभिनंदनाचा ठराव झाला.

तिसरा मान वॉचमनचा. त्याच्या गावी ट्रॅक्टर गरम झाला की फीड पंपावर ओला फडका टाकतात. फडका टाकला, काठी बुडाली, गाडी सुरू. लॅपटॉपवाल्या तरुणाने मोबाइलमध्ये एक ॲप उघडलं आणि जीपच्या डॅशबोर्डखाली आडवा होऊन ओबीडीचा सॉकेट शोधला. त्याला तिथे एक जुनी पीयूसी आणि कबुतराची पिसं सापडली. तो बाहेर येईपर्यंत काकांनी काठी बुडवलेली होती, त्यामुळे गाडी त्याच्याही हातून बरी झाली. या ॲपवर आता त्याची फार श्रद्धा आहे.

शेवटी एका गॅरेजने नोझल काढले, टेस्टरवर चढवले, पंप कॅलिब्रेशनला पाठवला आणि बिल दिलं. बिल बघून काकूंनी एका शब्दात उपाय सुचवला, "विका." सगळ्या उपायांपैकी हा एकच करून बघितला गेला नाही. गॅरेजमधून निघालेली जीप जुहू सर्कलला पोचली आणि तिथे बसली.

आता यात एक गोष्ट कोणाच्याही लक्षात आली नाही, आणि ती न येणं स्वाभाविक होतं, कारण ती बघण्यासाठी आधी बोलायचं थांबावं लागलं असतं. डिझेलचं प्रेशर कोणी मोजलंच नव्हतं. थर्मामीटर न लावता ताप किती यावर घरात भांडण व्हावं, तसं चाललं होतं. एक गेज, एक टी-जोड, एक लांब बॅन्जो बोल्ट, दोन तांब्याचे वॉशर आणि हातभर नळी, एवढंच साहित्य लागतं. फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये ते जोडायचं आणि बघायचं. त्याच्या कितीतरी पट किमतीचे भाग लोक हसत बदलतात. माझा स्वतःचा तर्क असा की गेज आपल्याला आवडत नाही. फिल्टर बदलला की काही तरी केल्याचं समाधान मिळतं. नोझल बदलले की जुने नोझल कागदात गुंडाळून घरी नेता येतात. गेज लावलं की ते फक्त एक आकडा सांगतं, तो आकडा सगळ्यांना सारखाच दिसतो, आणि मग उभं राहण्याचं काही कारण उरत नाही. निवृत्त माणसाची सकाळ एका सुईने संपवणं क्रूरपणाच आहे.

मोजायचं म्हटलं तरी काय मोजायचं, यावरही एकदा घोळ झाला. जुन्या डिझेल गाडीत प्रेशरची दोन स्वतंत्र राज्यं असतात. टाकीतून डिझेल ओढून फिल्टरमार्गे मोठ्या पंपापर्यंत आणणारा फीड पंप गरीब स्वभावाचा. त्याचं काम साधारण एका बारच्या आगेमागे चालतं, म्हणजे तुमच्या गाडीच्या चाकात असते त्याहूनही कमी. मोठ्या पंपाच्या पलीकडे मात्र दुसरा कायदा. या जातीच्या इंजिनात नोझल उघडायलाच शंभर बारच्या वर दाब लागतो, आणि नव्या कॉमन रेल गाड्यांत तर आकडा दीड-दोन हजारांच्या घरात जातो. त्यामुळे फीडचं गेज चुकून पलीकडच्या नळीवर लावलं तर ते एकदाच वाचता येतं. एके रविवारी नटाने नोझल बाहेर काढून फवारा येतोय का ते तळहातावर बघू असा प्रस्ताव मांडला होता. हा विनोदाचा विषय नाही म्हणून सरळ सांगतो: त्या दाबाचं डिझेल कातडीतून आरपार आत जातं. बाहेर टाचणीएवढा ठिपका दिसतो, दुखतंही फारसं नाही, आणि आतून हात सडायला लागतो. असं झालं तर मलम नव्हे, तडक ऑपरेशन लागतं. फवारा बघायचा असेल तर नोझल टेस्टरवर बघायचा, हात मागे ठेवून. तिथे फवारा धुक्यासारखा बारीक आणि नोझलचा आवाज कर्र असा आला की नोझल ठीक.

या चर्चांमध्ये कोणी तरी रुडॉल्फ डिझेल यांच्या मृत्यूचा विषय काढतंच. २९ सप्टेंबर १९१३च्या रात्री ते अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ड्रेस्डेन नावाच्या बोटीवरून नाहीसे झाले. रात्री जेवून केबिनकडे गेले ते गेलेच, पुढे काही दिवसांनी समुद्रात देह सापडला. आत्महत्या, अपघात की घातपात, यावर आमच्याकडे बॉनेटवर कोपर टेकून अर्धा तास सहज जातो. धाकटे बँकवाले घातपाताचे. मला त्यातली वेगळीच गोष्ट करुण वाटते. डिझेलसाहेबांच्या १८९७च्या इंजिनात इंधन आत ढकलायला दाबलेली हवा लागायची, तिच्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर, तो इंजिनाएवढाच कटकटीचा. तसलं इंजिन गाडीत मावणं कठीण. रॉबर्ट बॉश यांचा पंप कारखान्यातून मालिकेने निघू लागला तो १९२७ साली, आणि त्यानंतर डिझेल रस्त्यावर सर्रास दिसू लागलं. म्हणजे ज्यांचं नाव आपण पंपावर रोज घेतो, त्यांना जीपच्या पंपाची डोकेदुखी बघायला मिळालीच नाही. बॉशचा तो पंप आपल्याकडे मायको म्हणून ओळखला गेला, कारण १९५१ साली बेंगळुरात निघालेल्या कंपनीचं नाव तेच होतं. २००८ साली कंपनीने नाव बदलून बॉश केलं. मेकॅनिक लोकांना कोणी कळवलं नसावं, ते अजून मायकोच म्हणतात.

शेवटी माणूस मिळाला तो पाचशे पावलांवर. आम्ही अंधेरी, जोगेश्वरी, ओशिवरा पालथं घालत होतो आणि डिझेल इंजिन जाणणाऱ्यांचं अख्खं गाव आमच्या खिडकीतून दिसत होतं. वेसाव्याच्या कोळीवाड्यात माणसागणिक नसेल, पण बोटीगणिक डिझेल इंजिन आहे. वर्सोव्याहून मढला जाणारी तर असते, तिच्यावर बसलं की ते इंजिन पायाखालीच बडबडत असतं. तरीने पलीकडे पोचायला काही मिनिटं लागतात. तिथेच जीपने जायचं तर मालाड-मार्वेला वळसा घालून जावं लागतं, आणि या जीपने तर पोचण्याचीच शाश्वती नव्हती. १ जूनला मासेमारीची बंदी लागली की बोटी किनाऱ्याला ओढल्या जातात, इंजिनं उघडतात, पंप आणि नोझल बाहेर येतात. या दिवसांत बोटींची इंजिनं करणारे मिस्त्री वेसाव्यात जावयापेक्षा जास्त मानाचे. त्यांतले एक, एका मच्छीमार मित्राच्या शब्दाखातर, संध्याकाळी आले. पायात रबरी बूट, खांद्यावर टॉवेल, हातात डालडाचा जुना डबा, त्यात पाने.

आल्या आल्या आमच्या गर्दीने त्यांना घेरलं आणि आपापली मतं दिली. मिस्त्रींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग काकांना एवढंच विचारलं, "काका, प्रेशर कोणी बघितला?"

कोणीच काही बोललं नाही. असा क्षण या बॉनेटने आधी अनुभवला नव्हता.

मला नंतर उमगलं की या मिस्त्रींची विद्या वेगळी का. बोट किनारा दिसेनासा होईपर्यंत आत गेल्यावर इंजिन आचके देऊ लागलं, तर तिथे मत द्यायला रिक्षावाला नसतो. चहाची टपरी नसते. 'थोडा वेळ थांबवून बघा' म्हणायची सोय नसते, कारण थांबलेली बोट वाऱ्याच्या मर्जीने कुठेही जाते. तांडेल, चार खलाशी आणि बर्फात भरलेली मासळी, एवढे सगळे त्या एका नळीतल्या डिझेलवर अवलंबून. तिथे संशयावर भाग बदलता येत नाहीत, बदलायला भागच सोबत नसतात. म्हणून आधी बघायचं, कुठपर्यंत डिझेल येतंय आणि कुठून पुढे येत नाही. यारी रोडवर गर्दी फुकट मिळते म्हणून मोजायची गरज पडत नाही.

मिस्त्रींनी डब्यातून गेज काढलं. काच पिवळी पडलेली, कडेला एमसील. फिल्टरकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीचा बॅन्जो बोल्ट सोडला, लांब बोल्ट आणि टी-जोड बसवला, तांब्याचे वॉशर दोन्ही बाजूंनी नवे घातले. जुने वॉशर परत वापरले की तिथूनच हवा शिरते आणि मग आपण आपणच केलेला बिघाड शोधत बसतो, हे त्यांनी वॉशर घालता घालता सांगितलं. मग फीड पंपाच्या आधीच्या नळीचा एक तुकडा काढून तिथे पारदर्शक नळी लावली, बुडबुडे येतात का ते डोळ्यांना दिसावं म्हणून. गेजची नळी बॉनेटखालून बाहेर काढून गेज काचेवर बाहेरच्या बाजूने टेपने चिकटवलं. आत का नाही, असं तरुणाने विचारलं. "फुटला तर डिझेल काकांच्या अंगावर नको," ते म्हणाले.

एवढ्यात आकडा किती पाहिजे यावर थोरल्या आणि धाकट्या बँकवाल्यांत जुंपली. थोरले बारमध्ये बोलत होते, धाकटे पीएसआयमध्ये, आणि वॉचमन किलोत. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, आणि किलोचा हिशेबही जवळपास बारइतकाच, त्यामुळे तिघेही एकच गोष्ट ओरडून सांगत होते. मिस्त्री म्हणाले, "आकडा सोडा तो. सुई खाली येते का बघा. आली तर कवा येते ते बघा."

इंजिन सुरू झालं. सुई एका बारच्या जराशी खाली उभी राहिली, बारीक थरथरत. मिस्त्री म्हणाले, पंप ठीक. पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नव्हता. हवेचा संशय गेला. ही दोन वाक्यं बोलायला त्यांना जेवढा वेळ लागला, त्यात आमचे दोन पक्ष निकालात निघाले. पुढचा पंचनामा चालत्या गाडीत. काका चालवायला, मिस्त्री शेजारी, मी आणि थोरले मागे. बाकीचे रिक्षाने मागून आले. रिक्षावाल्याने मीटर टाकला होता, हे मला नंतर कळलं.

यारी रोडवरून निघालो. काका रस्ता सोडून गेजकडे बघत होते, त्यामुळे रस्त्यावरचे लोक आमच्याकडे बघत होते. सुई जागेवर. पुढे नेहमीचा ट्रॅफिक, सुई जागेवर. मग सात बंगल्याच्या अलीकडे तिने हलकेच मान खाली घातली. अर्धा बार. पाव बार. इंजिन अजून चालू, पण त्याचा आवाज उतरत गेला आणि सुई शून्याला टेकली तशी जीप कडेला थांबली. त्या पारदर्शक नळीच्या भिंती आत ओढल्या गेल्या होत्या, चपट्या झाल्या होत्या. थोरले हळू आवाजात म्हणाले, "भेसळ." त्यांना उत्तर द्यायला कोणी थांबलं नाही.

काका खाली उतरले आणि सवयीने वेताच्या काठीकडे हात नेला. मिस्त्रींनी तो हात धरला. "काका, काठी ठेवा. कोणी कशाला हात लावू नका." मग ते स्वतः टाकीपाशी गेले, कान झाकणाजवळ नेला आणि झाकण एक आटा सैल केलं.

फुस्स आवाज झाला. हवा बाहेर आली नाही, आत गेली. मिस्त्रींनी प्रायमर मारला, सुई वर चढली, आणि काकांनी सेल्फ मारला तेव्हा जीप पहिल्या फटक्यात सुरू झाली.

टाकीतून डिझेल जातं तेवढी हवा टाकीत यावी लागते, नाहीतर आत पोकळी तयार होते आणि पंप कितीही इमानदार असला तरी त्या पोकळीशी रस्सीखेच करत थकतो. एमएम ५४०च्या मूळ झाकणात हवा घ्यायला बारीक वाट असते. कुर्ल्याहून आलेलं ते नामांकित घट्ट झाकण दुसऱ्याच कुठल्या गाडीचं, जिची हवा वेगळ्या नळीने येते. भरलेल्या टाकीत डिझेलच्या वर मोकळी जागा थोडी, म्हणून पोकळी लवकर होते. टाकी अर्धी असली की उशीर लागतो. थोरल्यांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं, त्यावरचा निष्कर्ष तेवढा डिझेल विकणाऱ्यावर अन्याय करणारा. आणि आजवरच्या प्रत्येक यशस्वी उपचाराच्या आधी काकांनी काठीसाठी झाकण उघडलं होतं. बरं करत होती ती काठी. फडका, फिल्टर आणि ॲप यांना श्रेय गेलं.

मला वाटलं लोक खूश होतील. लोक नाराज झाले. इतक्या महिन्यांच्या व्यासंगाचं फळ एक झाकण निघावं, हे कोणालाच रुचलं नाही. पहिला सावरला तो रिक्षावाला. "मी पहिल्याच दिवशी बोललो होतो, एअरचा प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला, आणि कायद्याच्या काटेकोर भाषेत त्याला खोटं ठरवणं अवघड आहे. थोरल्यांनी विषय झाकणाच्या दर्जाकडे वळवला. वॉचमन म्हणाला, गावी ट्रॅक्टरच्या झाकणालाही असंच असतं, पण कोणी विचारलंच नाही. नट सर्वांत खचला. त्याच्या ओळखीच्या एका सहायक दिग्दर्शकाला रस्त्यात अचानक बंद पडणारी जुनी जीप हवी होती, रोजाने पैसे मिळणार होते, आणि आता ही जीप बंदच पडेना.

झाकणाला भोक पाडावं, असाही एक प्रस्ताव आला. मिस्त्रींनी तो हाणून पाडला, कारण नुसत्या भोकातून वर्सोव्याचा पाऊस आणि खारी हवा थेट टाकीत जाते, आणि पाणी पंपात गेलं की मग खरोखरीचं बिल येतं. हवा आत घेणारं योग्य झाकण आणेपर्यंत आहे तेच एक आटा सैल ठेवा, असं सांगून त्यांनी डबा उचलला. काकूंनी त्यांना गुणाकार न विचारता चहा दिला, ही आमच्या बिल्डिंगमधली मोठी घटना.

काकांनी त्यानंतर स्वतःचं गेज विकत घेतलं. शून्य ते सात बारचं, काच स्वच्छ, टी-जोड आणि वॉशरसकट. इथून मला या लेखाचं खरं कारण सांगायचं आहे. गेज आल्याची बातमी पसरली आणि ज्या लोकांनी जीपचं प्रेशर मोजायचा विचारही केला नव्हता, त्यांना जगातलं बाकी सगळं मोजायची इच्छा झाली. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी ते महापालिकेच्या पाण्याच्या नळाला लावलं. सुई हलली नाही, तेव्हा गेज खराब आहे असा निर्वाळा त्यांनी दिला. प्लंबरने सांगितलं गेज ठीक आहे, पाणीच नाही. त्यांच्या चहाला बरेच दिवस डिझेलचा वास येत होता म्हणतात. धाकट्यांनी ते स्कूटरच्या चाकाला लावायचा प्रयत्न केला. एका गृहस्थांनी, नाव सांगत नाही, प्रेशर कुकर घेऊन काकांचं दार वाजवलं.

आणि मग गेज नाहीसं झालं. कोणी नेलं याबद्दल बिल्डिंगमध्ये सात-आठ ठाम मतं तयार आहेत, पुराव्यासकट. मला त्यात पडायचं नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते वॉचमनच्या टेबलावर ठेवलं तरी चालेल, कोणी विचारणार नाही. जीपला नवं झाकण बसलं आहे, पण डिझेल फिल्टरची मुदत जवळ आली आहे आणि तो बदलण्याआधी काकांना प्रेशर बघायचं आहे. वॉशरही परत करा. नवे आहेत, तांब्याचे.